खट्

बोनान्झा रोडवर रेल्वेच्या पुलाखालून गाडी वर आली, पुढच्या सिग्नलला थांबली आणि दारांतून 'खट्' असा आवाज आला. चारही दारांचा मिळून एकच. लोखंडी कपाटाचं हँडल फिरवल्यावर येतो तसा, फक्त बारीक. भाचा समोर बघत होता. त्याचा डावा हात दारावरच्या बटणांपाशी होता, पण तो आधीपासूनच तिथे असेल. इथले लोक एका हातानं गाडी चालवतात आणि दुसरा कुठेतरी टेकवून ठेवतात, हे मी पंधरा दिवस बघत होते. बाहेर एक बसथांबा होता, त्याच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसलेला एक म्हातारा काळा माणूस, पलीकडे शटर ओढलेलं दुकान, आणि सुपरमार्केटची ढकलगाडी ढकलत चाललेली एक बाई. जूनमधली सकाळची दहाची वेळ. ऊन असं की समोरचा डांबरी रस्ता पाणी साचल्यासारखा हलत होता. आमच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. मी खाली पाहिलं, तर पायाशी ठेवलेली माझी पर्स मांडीवर आली होती आणि तिचा पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळलेला होता.

तो मी कधी गुंडाळला, मला आठवत नाही.

आम्ही निघालो होतो एक हॉटेल बघायला, जे आता तिथे नाही. भाचा सकाळपासून हेच सांगत होता. "मावशी, तिकडे काहीच नाहीये. मोकळा प्लॉट आहे. मी तुला त्यापेक्षा हूव्हर धरण दाखवतो." हूव्हर धरण मी मागच्या वेळी पाहिलं होतं. शिवाय कोयनेच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला धरणाचं किती कौतुक असणार. मी म्हटलं, मोकळा प्लॉट तर मोकळा प्लॉट, दाखव. त्यानं खांदे उडवले. बहिणीचा हा मुलगा लास वेगासजवळ हेंडरसनला राहतो आणि जुगाराच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहितो. त्याची आई वाईला नातेवाइकांना नुसतं "सॉफ्टवेअरमध्ये आहे" एवढंच सांगते. आमच्या घरात दिवाळीत पाच-तीन-दोन खेळतानासुद्धा पैसे लावायची बंदी होती, आणि आता त्याच घरातला मुलगा, माणूस यंत्रापुढून उठू नये म्हणून तीन लिंबं कधी आणि कशी जुळवायची, याचा हिशोब मांडतो. मी त्याला एकदा विचारलं, तुला वाईट नाही वाटत? तो म्हणाला, गणित आहे गं नुसतं.

हे हॉटेलाचं खूळ माझ्या डोक्यात आदल्या संध्याकाळी शिरलं. तो मला निऑन म्युझियमला घेऊन गेला होता. हे गाव जुनी हॉटेलं ठेवत नाही. सुरुंग लावून पाडतं, आणि पाडण्याचाही जलसा करतं. मागे उरतात त्या पाट्या. त्या सगळ्या एका आवारात, गच्चीवर वाळवण घालावं तशा, जमिनीवर मांडून ठेवल्यात. स्टारडस्ट, सहारा, रिव्हिएरा. काही अक्षरं माणसापेक्षा उंच, काहींचा रंग उडालेला, बल्बांच्या खोबणींत कोळिष्टकं. पायाखाली खडी. सूर्य मावळला की त्यातल्या काही पाट्या लागतात आणि मग तो मंद गुंजारव सुरू होतो. पूर्वी आमच्या वाड्याच्या जिन्यातली ट्यूबलाइट चोक खराब झाल्यावर करायची, तसा. तिथे एका कडेला गुलाबी अक्षरं होती, तिरकी, हातानं भराभर लिहिल्यासारखी. 'मुलाँ रूज'. माहिती सांगणारी मुलगी कॉलेजातली असावी. प्रत्येक पाटीपुढे ती वर्षं सांगत होती. हे हॉटेल चाळीस वर्षं चाललं, हे साठ वर्षं. या गुलाबी अक्षरांपुढे आल्यावर तिनं सांगितलं, हे सहा महिने.

मला वाटलं, चुकून बोलली.

ही अक्षरं बेट्टी विलिस नावाच्या बाईंनी रेखाटलेली. याच बाईंनी पुढे १९५९ मध्ये गावाच्या वेशीवरची 'वेलकम टू फॅब्युलस लास वेगास' ही पाटी केली, जिच्यापुढे लोक भर उन्हात रांग लावून फोटो काढतात आणि जी चहाच्या मगापासून चपलांपर्यंत सगळीकडे छापलेली असते. त्या पाटीचा हक्क त्यांनी कधी राखून ठेवला नाही, गावाला देऊन टाकला. आणखी एक गंमत. म्युझियमचं तिकीट जिथे काढतात तो शंखासारखा कमानदार दिवाणखाना म्हणजे ला कोंचा नावाच्या १९६१ च्या मोटेलचा पुढचा भाग. तुकडे करून, वाहून आणून तो इथे पुन्हा जोडलाय. त्याचे वास्तुविशारद पॉल विल्यम्स कृष्णवर्णीय होते. गोऱ्या गिऱ्हाइकाला आपल्या शेजारी बसायला अवघड वाटू नये, म्हणून ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून नकाशे उलटे काढायला शिकले होते, म्हणजे समोरच्याला सुलटे दिसावेत. त्या मुलीनं हे कौशल्य म्हणून सांगितलं आणि मंडळींनी 'वाव' केलं. मी रात्री अंथरुणात पडून एका कागदावर माझं नाव उलटं लिहून बघत होते. चार अक्षरं धड येईनात.

मुलाँ रूज २४ मे १९५५ ला उघडलं. त्या वर्षी तिथे हॉटेलांचं पीक आलं होतं. एप्रिलमध्ये रॉयल नेवाडा आणि रिव्हिएरा, आणि मुलाँ रूजच्या आदल्याच दिवशी ड्यून्स. ही सगळी स्ट्रिपवर, म्हणजे गावाबाहेरच्या त्या झगमगीत हमरस्त्यावर. मुलाँ रूज मात्र रुळांच्या पलीकडे. प्रत्येक गावाला एक रुळांपलीकडची, ओढ्यापलीकडची बाजू असते. इथे तिला वेस्टसाइड म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात हेंडरसनला मॅग्नेशियमचा प्रचंड कारखाना निघाला. माझा भाचा जिथे स्विमिंग पूलवाल्या सोसायटीत राहतो, तेच हेंडरसन. त्यासाठी अर्कान्सास आणि लुइझियानातल्या खेड्यांतून काळी माणसं गाड्या भरभरून आली. कारखान्यात काम होतं, घर मात्र बहुतेकांचं वेस्टसाइडलाच. तिथे बराच काळ धड रस्ते नव्हते, गटारं नव्हती. युद्धानंतर हॉटेलं वाढली तशी त्याच माणसांना हॉटेलांत कामं मिळाली, पण सगळी मागच्या दारातली. पलंगांच्या चादरी बदलायच्या, भांडी घासायची, संडास धुवायचे, हमाली करायची. पुढच्या दारानं यायचं नाही, टेबलावर बसायचं नाही, राहायचं तर नाहीच. लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाला तेव्हा 'पश्चिमेकडचं मिसिसिपी' म्हणत, वर्णभेदासाठी बदनाम असलेल्या दक्षिणेतल्या राज्यावरून.

कलाकारांचंही तेच. नॅट किंग कोल, लीना हॉर्न, सॅमी डेव्हिस ज्युनिअर. यांची नावं हॉटेलाच्या दर्शनी फलकावर हाताएवढ्या अक्षरांत. आत दोन-दोन तास टाळ्या. कार्यक्रम संपला की मेकअप पुसायचा आणि मागच्या दारानं बाहेर पडून, रूळ ओलांडून, वेस्टसाइडच्या एखाद्या घरगुती खानावळीत झोपायला जायचं. त्यातलं हॅरिसन बाईंचं घर एफ स्ट्रीटवर होतं. दिवसा ज्यांच्या नावावर तिकिटं खपली त्यांना रात्री तिथली एक खोली नाही. पोहण्याच्या तलावात एका काळ्या कलाकारानं पाय बुडवला म्हणून तलाव रिकामा करून घासून पुन्हा भरला, अशी एक गोष्ट तिथे सांगतात. दोन-तीन वेगवेगळ्या कलाकारांच्या आणि वेगवेगळ्या हॉटेलांच्या नावावर. ती ऐकून म्युझियममधल्या अमेरिकन मंडळींनी च्-च् केलं. मी नाही केलं. तळं शुद्ध करून घ्यायची गोष्ट आपल्याला कुणी अमेरिकेतून आणून सांगायला नको. महाडच्या १०८ घागरी चौथीच्या वयापासून माहीत आहेत.

आणि त्याहून जवळचं म्हणजे, आमच्या अंगणातला तांब्या.

वाईच्या आमच्या घरी, मी सात-आठ वर्षांची असताना, दसऱ्यानंतर एक म्हातारी केरसुण्या विकायला यायची. शिंदीच्या पानांच्या, घट्ट बांधलेल्या, त्यांना ओल्या गवतासारखा वास यायचा. ती दिंडी दरवाजाच्या आत, पण ओसरीपासून चांगली दोन हात लांब उकिडवी बसायची. आजी भाव करायची, मग तिला म्हणायची, "तहान लागली असंल, ओंजळ धर." आणि वरून, तांब्या चांगला वीतभर वर धरून पाणी ओतायची. म्हातारीची ओंजळ भरायची, ती तोंड लावून प्यायची, पाणी कोपरावरून ओघळून लुगड्यावर सांडायचं. ती गेली की आजी केरसुण्यांवर पाण्याचे चार थेंब शिंपडायची आणि मगच त्या घरात घ्यायची. लक्ष्मीपूजनाला त्यातलीच एक नवी केरसुणी पाटावर, तिला हळदकुंकू, फूल, नैवेद्य, आणि आम्ही सगळे तिच्यापुढे डोकं टेकणार. मला यात तेव्हा काही वावगं दिसलं नाही. उलट आजी किती मायाळू, उन्हातान्हात आलेल्या म्हातारीला न मागता पाणी देते, असंच वाटायचं. ती मायाळू होतीही. त्या म्हातारीच्या नातीला बाळंतपणात तिनं माझ्या आईची जुनी लुगडी दिली होती, तीही वरूनच सोडलेली. म्हातारीचं नाव मला माहीत नाही. आजी तिला "अगं ए" म्हणायची.

असो. हॉटेलाकडे येते.

मुलाँ रूजमध्ये ११० खोल्या होत्या आणि पस्तीस लाख डॉलर घातले होते असं सांगतात. पैसा मुख्यत्वे गोऱ्या भांडवलदारांचा, पण दर्शनी माणूस जो लुई, मुष्टियुद्धाचा जगज्जेता. त्याचा वाटा लहान होता. त्याचं काम दारात उभं राहून येणाऱ्याशी हस्तांदोलन करायचं. लास वेगासमधलं हे पहिलं हॉटेल आणि कॅसिनो, जिथे काळा-गोरा कुणीही पुढच्या दारानं येऊ शकत होता, एकाच टेबलावर पत्ते पिसू शकत होता, एकाच बारला टेकून उभा राहू शकत होता. पत्ते वाटणारे काळे, पहारेकरी काळे, वाढपी काळे. 'ट्रॉपी कॅन-कॅन' नावाचा नाच होता, त्यातल्या कृष्णवर्णीय नर्तकींचा फोटो २० जूनच्या 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर आला. महिनासुद्धा झाला नव्हता. त्याच मुखपृष्ठावर एक ओळ होती, लास वेगासची भरभराट ताणली तर जात नाही ना, अशा अर्थाची. फोटो मुलाँ रूजच्या मुलींचा आणि शंका सगळ्या गावाबद्दलची. नंतर बघितलं तर त्या ओळीकडेच आधी डोळा जातो.

पण त्या हॉटेलाची खरी कीर्ती त्याच्या तिसऱ्या खेळाची. रात्रीचे दोन वाजून गेल्यावर सुरू होणाऱ्या. स्ट्रिपवरचे खेळ तोवर संपलेले असायचे आणि तिथले वादक, गायक, नर्तकी, वेटर, काळे आणि गोरे, सगळे रूळ ओलांडून इकडे यायचे. सिनात्रा यायचा, सॅमी डेव्हिस यायचा. प्रेक्षकांत बसलेले उठून मंचावर जायचे, ज्यांना झोपायला जायचं ते सकाळपर्यंत बसून राहायचे. आपल्याकडे मैफलीत भैरवीच्या आधी तासभर जे होतं, पान-तंबाखूचे डबे निघतात, बाहेरगावचे पाहुणे उठून गेलेले असतात आणि गाणारा घरच्यांसाठी गायला लागतो, तसं काहीतरी ते असणार. मी डोळ्यांपुढे आणते. बाहेर वाळवंटातली रात्र, दिवसभर तापलेल्या भिंतींतून अजून ऊब येतेय, आत सिगारेटचा धूर आणि पावडरीचा वास, आणि दिवसा स्ट्रिपवर कपबशा विसळलेली एखादी बाई, चांगला झगा घालून, पायावर पाय टाकून, कुणीतरी तिच्या पुढ्यात आणून ठेवलेला पेला उचलतेय. कडेला धरून, ओठाला लावून.

नोव्हेंबरमध्ये कुलूप.

का, याची उत्तरं माणसागणिक वेगळी. कुणी म्हणतं, स्ट्रिपवाल्यांनी गळा आवळला. रात्री दोननंतर आपली गिऱ्हाइकं आणि आपलेच नोकर पलीकडे जातात हे त्यांना कसं खपावं. कुणी म्हणतं, कारभार ढिसाळ होता, बांधकामवाल्यांचे पैसे थकले, देणेकरी दारात उभे राहिले. कुणी म्हणतं, एवढी हॉटेलं एका वर्षात उघडल्यावर कुणीतरी बुडणारच होतं. हे शेवटचं खरंच आहे. त्याच वर्षी उघडलेलं रॉयल नेवाडाही फार तगलं नाही. बँकेत कर्जविभागात तीस वर्षं काढल्यामुळे मला पहिल्या कारणापेक्षा दुसरं आणि तिसरं जास्त पटतं, आणि मग स्वतःचाच जरा राग येतो. कारण कर्जाच्या कागदात एक गोष्ट कधीच लिहिलेली नसते. ड्यून्स अडचणीत आलं तेव्हा त्याला सांभाळणारे मिळाले. रिव्हिएरा अडचणीत आलं, त्यालाही मिळाले. पुढे साठ वर्षं चाललं ते. मुलाँ रूजही अडचणीत आलं. सगळ्यांचा ताळेबंद सारखाच वाईट असला तरी हात कुणाला मिळतो, ते ताळेबंदात दिसत नाही. आमच्या शाखेतही दिसायचं नाही. कोणाचं थकलेलं कर्ज 'तात्पुरती अडचण' आणि कोणाचं 'बुडीत', याची खूण नोंदीत नसायची, साहेबांच्या आवाजात असायची. मी त्या नोंदी केलेल्या आहेत, माझ्या सुवाच्य अक्षरात.

पाच वर्षांनी मात्र या बंद पडलेल्या हॉटेलाचं नाव इतिहासात गेलं. १९६० च्या मार्चमध्ये जेम्स मॅकमिलन नावाच्या दंतवैद्यांनी नोटीस दिली. गावातले पहिले कृष्णवर्णीय दंतवैद्य ते, आणि एनएएसीपी या नागरी हक्कांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष. हॉटेलांनी भेदभाव थांबवावा, नाहीतर शनिवारी, २६ मार्चला, स्ट्रिपवर मोर्चा. शनिवारची संध्याकाळ, पर्यटकांची गर्दी, वर्तमानपत्रांचे कॅमेरे. हॉटेलवाल्यांना नीती कळली की नाही सांगता येत नाही, गल्ला कळला. मोर्च्याच्या आधीच वाटाघाटी झाल्या आणि बैठक भरली ती मुलाँ रूजच्या कॉफी शॉपमध्ये. 'लास वेगास सन'चे संपादक हँक ग्रीनस्पन मध्यस्थ, राज्यपाल ग्रँट सॉयर हजर. त्या दिवसापासून स्ट्रिपवरच्या हॉटेलांची पुढची दारं उघडली. गिऱ्हाइकांसाठी. कामाला मागचंच दार राहिलं. पत्ते वाटण्याच्या, काउंटरवरच्या नोकऱ्यांसाठी १९७१ उजाडावं लागलं, तेही कोर्टाच्या हुकमानं.

आणि आता जे सांगायचंय त्याला मला नीट शब्द सापडत नाहीत. स्ट्रिप उघडली, आणि वेस्टसाइडचा जॅक्सन स्ट्रीट ओस पडत गेला. इतकी वर्षं ज्यांना कुठेच जाता येत नव्हतं म्हणून तिथे येणं भाग होतं, त्यांना आता जाता येत होतं. ते गेले. का नाही जायचं? त्यासाठीच तर झगडले होते. त्यांच्या मागे तिथले क्लब, खानावळी, केस कापायची दुकानं मिटत गेली. मुलाँ रूज मधूनमधून उघडत होतं, नव्या मालकांकडे जात होतं. ऐंशीच्या दशकात सॅरॅन नाइट-प्रेडी यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी ते घेतलं. नेवाडात जुगारघराचा परवाना मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय बाई त्या. पुन्हा उभं करायचा त्यांनी खूप खटाटोप केला, पण जमलं नाही. १९९२ मध्ये सरकारनं ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत नाव घातलं. यादीनं छप्पर शाकारलं जात नाही, हे वाईत राहणाऱ्याला कळतं. २००३ मध्ये मोठी आग लागली. २००९ मध्ये ती गुलाबी अक्षरं सुरक्षित राहावीत म्हणून उतरवून म्युझियमकडे नेली आणि थोड्याच दिवसांत पुन्हा आग. अक्षरं वाचली, हॉटेल गेलं. उरलंसुरलं पाडलं. दारात उभा राहणारा जो लुई पुढे म्हातारपणी स्ट्रिपवरच्या सीझर्स पॅलेसमध्ये होता. तेच काम, येणाऱ्यांशी हस्तांदोलन करायचं. दार मात्र दुसऱ्याचं.

सिग्नल हिरवा झाला. दोनशे पावलांवर भाच्यानं गाडी कडेला लावली. "हे बघ. सांगितलं होतं ना."

जाळीचं कुंपण, आत वाळलेलं तण, सिमेंटच्या जोत्याचे तुकडे, वाऱ्यानं कुंपणाला चिकटलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. दूर दक्षिणेला उन्हाच्या धुरकटात स्ट्रिपवरचे मनोरे. मी आपली कुंपणाला बोटं अडकवून उभी. जाळी इतकी तापलेली की बोटं लगेच काढून घेतली. कुठे दार असेल, कुठे कॉफी शॉप, काही लागेना. भाचा फोनवर जुना फोटो काढून प्लॉटशी लावून बघत होता. तो मुलगा चांगला आहे, एकदा आणलं म्हटल्यावर मन लावून दाखवतो. शेवटी मी रस्त्यावरून मागे चालत गेले, बसथांब्यावरच्या त्या म्हाताऱ्यापाशी. त्याच्या पायाशी बर्फाचा डबा होता, त्यावर पुठ्ठ्यावर लिहिलेलं, पाणी एक डॉलर. मी माझ्या इंग्रजीत विचारलं, दार कुठे होतं? त्यानं माझ्या साडीकडे पाहिलं, मग हात लांब करून कुंपणाच्या मधोमध बोट दाखवलं. म्हणाला, मी आठ वर्षांचा होतो, आत कधी गेलो नाही, पण दिवे सुरू झाले की आम्ही पोरं त्या कोपऱ्यावर उभे राहून बघायचो. त्याच्या आईनं स्ट्रिपवर तीस वर्षं पलंग आवरले. मी विचारलं, हॉटेल गेल्याचं वाईट वाटतं? तो म्हणाला, "मॅम, सहा महिने." आणि हसला. त्या हसण्याचा अर्थ मला नीट लागला नाही. सहा महिन्यांचं काय वाईट वाटायचं, की सहा महिने का होईना होतं, की आणखी काही.

भाचा मागून आला. आम्ही दोन बाटल्या घेतल्या, दोन डॉलर दिले, त्यानं ते नीट घडी करून खिशात ठेवले. बाटलीवर बर्फाचं पाणी ठिबकत होतं. मी झाकण उघडलं, मान मागे केली आणि लहानपणापासून पिते तशी वरून धार धरली. ऊन डोळ्यांत, नेम चुकला, पाणी हनुवटीवरून गळ्यात, ब्लाउज भिजला. खोकला आला. म्हातारा बघत होता. टिंगल नव्हती त्याच्या चेहऱ्यावर, नुसतं कुतूहल.

"असं का पिता? बाटली तुमचीच आहे."

भाच्यानं लगेच सांगितलं, आमच्याकडे एक बाटली घरचे सगळे पितात, उष्टं होऊ नये म्हणून अशी सवय. ते खोटं नाही. एसटीच्या प्रवासात, शाळेच्या सहलीत, एका बाटलीवर दहा जणी आम्ही अशाच प्यायलो आहोत आणि त्यात माया होती. म्हाताऱ्यानं मान डोलावली, चांगलं आहे म्हणाला. भाचा स्वतः बाटलीला तोंड लावून प्याला होता. अमेरिकेत बारा वर्षं झाली, त्याची सवय गेली. मी ओल्या पदरानं गळा पुसत होते, आणि मला माझ्या हाताची उंची दिसत होती. वीतभर.

परत निघालो. मी पर्स मुद्दाम पायाशी ठेवली, आणि मग पुलाखाली अंधार झाला तेव्हा ती तिथे आहे ना, हे पायानं चाचपलं. हेंडरसनच्या वाटेला लागल्यावर मी विचारलं, "मघाशी तू दारं लॉक केलीस का रे?" तो म्हणाला, "कधी?" मी म्हटलं, सिग्नलला. तो जरा थांबून म्हणाला, "नाही गं, आपोआप होतात. गाडीनं थोडा वेग घेतला की." मी म्हटलं, पण आपण थांबलो होतो. तो म्हणाला, "मग आधीच झाली असतील, तुला ऐकू नंतर आलं." आणि थोड्या वेळानं, रस्त्याकडे बघतच, "तू घाबरली होतीस का?" मी नाही म्हटलं.

संध्याकाळी कोथिंबीर आणायला निघालो. पटेलच्या दुकानापर्यंत दहा मिनिटांचा रस्ता, दोन्ही बाजूंना एकसारखी पिवळट घरं, कडेला माणसांनी लावलेली पामची झाडं. गाडी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडली, वळली, मोठ्या रस्त्याला लागली. वेग वाढला. मी कान देऊन बसले होते. तेवढ्यात भाच्यानं गाणी लावली.